दूरच्या दीर्घिकेत वर्षाला किती तारे जन्मतात, हे कसे कळते?

नाशिकमध्ये हिवाळ्यातल्या आकाशनिरीक्षणाला लोक जमतात, मृग नक्षत्र डोक्यावर आलेले असते आणि मृगाच्या पोटातल्या बाणाखाली दिसणारा तो अंधूक ठिपका दुर्बिणीतून दाखवला जातो. हा मृगातला तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षांवर आहे आणि त्यात आजही तारे जन्माला येत आहेत, हे सांगितले की पटते, कारण ढग आणि त्यातले तरुण तारे दोन्ही समोर दिसत असतात. शंका येते ती पुढे. ‘बाराशे कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत वर्षाला साठ सूर्यांइतके तारे जन्मतात’ अशी बातमी वर्तमानपत्रात येते आणि कोणीतरी विचारतेच की, त्या दीर्घिकेतला, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या त्या प्रचंड समूहातला, एकही तारा जर आजवर सुटा दिसलेला नाही, तर हा आकडा आला कुठून? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देऊन भागत नाही. हा आकडा मोजणीचा नसून हिशेबाचा असतो. तो हिशेब कोणत्या प्रकाशावरून मांडला आणि त्यात काय गृहीत धरले, हे कळले तरच आकड्याला अर्थ येतो.

आधी एकक पाहू. दीर्घिकेतला ताऱ्यांचा जन्मदर ताऱ्यांच्या संख्येत सांगत नाहीत. वर्षाकाठी किती वस्तुमानाच्या वायूचे तारे झाले, ते सूर्याच्या वस्तुमानाच्या पटीत सांगतात. आपल्या आकाशगंगेचा दर वर्षाला सुमारे दोन सूर्यवस्तुमाने इतका आहे. याचा अर्थ वर्षाला सूर्यासारखे दोन तारे जन्मतात असा नाही. बहुतेक तारे सूर्याहून लहान असतात, त्यामुळे तेवढ्या वायूतून सरासरीने चार-सहा तारे होतात. शिवाय एक तारा घडायलाच लाखो वर्षे लागत असल्याने ‘या वर्षी’ हा शब्दही इथे फार मोठ्या कालखंडाची सरासरी म्हणूनच घ्यायचा असतो.

आता मूळ युक्ती. ताऱ्याचे वस्तुमान जितके जास्त तितके त्याचे इंधन जास्त, पण ते जाळण्याचा वेग त्याहून कितीतरी अधिक असतो. सूर्याचे आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षांचे आहे. सूर्याच्या तीस पट वस्तुमानाचा तारा मात्र सूर्यापेक्षा साधारण एक लाख पट तेजाने तळपतो आणि साठेक लाख वर्षांतच संपतो. विश्वाच्या मापाने साठ लाख वर्षे म्हणजे काहीच नाही. म्हणून एखाद्या दीर्घिकेत असे निळे, अतितप्त, अवजड तारे आज प्रकाशत असतील तर ते नुकतेच जन्मलेले असले पाहिजेत, दुसरा पर्यायच नाही. जुन्या काळात जन्मलेले त्यांचे भाईबंद केव्हाच विझून गेलेले असतात. त्यामुळे दीर्घिकेच्या एकूण प्रकाशातून या अल्पायुषी ताऱ्यांचा वाटा वेगळा काढता आला, तर नव्या जन्माचा दर काढता येतो.

पण अवजड तारे संख्येने अगदी थोडे असतात आणि नव्याने तारे झालेल्या वायूचा बहुतांश भाग लहान, मंद ताऱ्यांमध्ये गेलेला असतो. ते तर दिसत नाहीत. इथे गृहीतक येते. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार व्यापाऱ्याला बागेचे टनेज सांगतो, तेव्हा त्याने बागेतले मणी मोजलेले नसतात. तो काही झाडांवरचे घड मोजतो, एका घडाचे सरासरी वजन धरतो आणि एकरातल्या झाडांच्या संख्येने गुणतो. घडाचे धरलेले वजन चुकले तर मोजणी कितीही काटेकोर असली तरी टनेज चुकते. ताऱ्यांच्या बाबतीत हे ‘धरलेले वजन’ म्हणजे नव्या ताऱ्यांच्या एका पिढीत मोठे, मध्यम आणि लहान तारे कोणत्या प्रमाणात असतात याचा नियम. १९५५ साली एडविन सॅल्पीटर यांनी सूर्याच्या परिसरातल्या ताऱ्यांवरून हे प्रमाण प्रथम मांडले : वस्तुमान वाढत जाते तशी संख्या झपाट्याने घटत जाते. पुढे २००१ मध्ये पाव्हेल क्रूपा आणि २००३ मध्ये जील शाब्रिए यांनी दाखवून दिले की, सूर्याहून बऱ्याच लहान ताऱ्यांची संख्या सॅल्पीटरच्या नियमाने येते तेवढी वाढत नाही. एवढ्या एका दुरुस्तीने विश्वातल्या सगळ्या दीर्घिकांचे जन्मदर सुमारे एकतृतीयांशाने खाली आले. दीर्घिकांमध्ये काहीही बदलले नव्हते, दुर्बिणीही त्याच होत्या. फक्त न दिसणाऱ्या लहान ताऱ्यांचा हिशेब बदलला. म्हणूनच दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी दोघांनी कोणता नियम वापरला हे पाहावे लागते.

या नियमाची एक पडताळणी मला फार समाधान देणारी वाटते. नव्या नियमानुसार शंभर सूर्यवस्तुमानांचे तारे जन्मले तर त्यांत साधारण एक तारा एवढा अवजड असतो की, त्याचा शेवट अतिनवताऱ्याच्या स्फोटात होतो. आकाशगंगेचा दर वर्षाला दोन सूर्यवस्तुमाने, म्हणजे शतकात दोनशे. तेव्हा शतकात दोनेक अतिनवतारे व्हायला हवेत. इतर दीर्घिकांतल्या स्फोटांवरून आणि किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून स्वतंत्रपणे काढलेला आकाशगंगेचा अंदाजही जवळपास एवढाच येतो. १६०४ नंतर आपल्याच दीर्घिकेतला एकही स्फोट नुसत्या डोळ्यांनी पाहिल्याची खात्रीशीर नोंद नाही, याचे मोठे कारण धूळ आहे; आणि ही धूळ या विषयात पुढेही पावलोपावली आडवी येते.

अवजड तारे आपली बहुतेक ऊर्जा अतिनील प्रकाशात फेकतात, तेव्हा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे दीर्घिकेचे अतिनील तेज मोजणे. जवळच्या दीर्घिकांसाठी हे काम पृथ्वीवरून होत नाही, कारण वातावरण हा प्रकाश अडवते. त्यासाठी २००३ मध्ये सोडलेल्या ‘गॅलेक्स’सारख्या किंवा २०१५ मध्ये इस्रोने सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’सारख्या उपग्रहांची गरज असते. दूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत मात्र विश्वाचे प्रसरणच मदतीला येते. प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याची तरंगलांबी ताणली जाते. हा ताण ‘रेडशिफ्ट’ या संख्येने सांगतात आणि त्या संख्येत एक मिळवला की तरंगलांबी किती पट झाली ते कळते. रेडशिफ्ट ४ असलेल्या दीर्घिकेतून निघालेला १५० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश आपल्याकडे पाचपट होऊन ७५० नॅनोमीटरला, म्हणजे लालसर दृश्य प्रकाशाच्या टोकाला पोहोचतो. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षीतल्या आकाशाच्या एका इवल्याशा रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्याकडे दहा दिवस टक लावून पाहिले आणि त्यात सुमारे तीन हजार दीर्घिका सापडल्या. त्या प्रतिमांवरूनच १९९६ मध्ये पिएरो मदाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विश्वाच्या सुरुवातीच्या काळातल्या जन्मदराचा पहिला ठोस आलेख मांडायला सुरुवात केली. वापरला होता तो हाच ताणला गेलेला अतिनील प्रकाश.

दुसरा मार्ग हायड्रोजनच्या लाल रेषेचा. मृगातला तेजोमेघ इथे पुन्हा उपयोगी पडतो, कारण दूरच्या दीर्घिकेत जे घडते त्याचा जवळचा नमुना तोच आहे. त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरीच्या बाजूला शहराच्या दिव्यांपासून दूर गेलात आणि साधी चार-सहा इंची दुर्बीण लावलीत तर ढगाच्या गाभ्यात समलंब चौकोनात बसलेले चार तारे सुटे दिसतात. त्यांतला सर्वांत तेजस्वी तारा सूर्याच्या तीस-चाळीस पट वस्तुमानाचा आहे आणि सारा ढग मुख्यतः त्याच्या एकट्याच्या जिवावर उजळला आहे. त्याच्यापासून निघणाऱ्या ९१.२ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीच्या किरणांत हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उखडून काढण्याइतकी ऊर्जा असते. उखडलेला इलेक्ट्रॉन पुन्हा कुठल्यातरी प्रोटॉनला जाऊन मिळतो आणि पायरी-पायरीने खालच्या ऊर्जापातळीवर उतरतो. तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर येताना तो नेमका ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकतो. ही ‘हायड्रोजन-अल्फा’ रेषा. डोळ्यांना दुर्बिणीतून ढग राखाडी-हिरवट दिसतो, कारण अंधारात आपला डोळा या गडद लाल रंगाला फारसा दाद देत नाही. कॅमेरा मात्र तो गुलाबी-लाल टिपतो.

या सगळ्या प्रक्रियेत एक सुंदर काटेकोरपणा आहे. जेवढे इलेक्ट्रॉन उखडतात तेवढेच परत जुळतात आणि दर दोन जुळण्यांमागे साधारण एक लाल प्रकाशकण बाहेर पडतो. म्हणजे लाल रेषेचे तेज मोजले की अवजड ताऱ्यांनी किती जहाल किरण सोडले ते उलट हिशेबाने कळते, त्यावरून असे तारे किती ते कळते आणि वस्तुमानाच्या नियमावरून एकूण जन्मदर निघतो. रॉबर्ट केनिकट यांनी १९९८ मध्ये हे सारे गुणक एका ठिकाणी आणले आणि आजही संशोधक तिथूनच सुरुवात करतात. त्यांच्या सूत्रानुसार वर्षाला एक सूर्यवस्तुमान एवढ्या जन्मदराला केवळ या एका लाल रेषेत ३.३ कोटी सूर्यांइतके तेज मिळते. ताऱ्यांच्या प्रमाणाचा सुधारित नियम घेतला तर तोच आकडा पाच कोटी सूर्यांच्या आसपास जातो.

याच हायड्रोजनची आणखी एक रेषा, ‘हायड्रोजन-बीटा’, निळसर ४८६.१ नॅनोमीटरला असते. नेहमीच्या तेजोमेघात लाल रेषा निळ्या रेषेच्या २.८६ पट तेजस्वी असते आणि हे प्रमाण अणूच्या रचनेतूनच येते, दीर्घिका कोणतीही असो. धूळ निळा प्रकाश जास्त गिळते आणि लाल कमी. त्यामुळे एखाद्या दीर्घिकेत हे प्रमाण २.८६ ऐवजी ४ भरले, तर वाटेत धूळ आहे हे तर कळतेच, पण किती आहे हेही कळते : अशा वेळी लाल रेषासुद्धा निम्म्याहून कमी होऊन आपल्यापर्यंत पोहोचलेली असते आणि खरे तेज काढण्यासाठी मोजलेल्या तेजाला सुमारे २.२ ने गुणावे लागते. न दिसलेल्या प्रकाशाचा हिशेब दिसलेल्या दोन रेषांच्या गुणोत्तरातून मिळावा, ही मला या शास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

अडचण अशी की रेडशिफ्ट २ असलेल्या दीर्घिकेची ही लाल रेषा ताणली जाऊन १९७० नॅनोमीटरला, अवरक्त विभागात जाते आणि तिथे आपल्या वातावरणातली बाष्पे व स्वतःची चमक त्रास देतात. डिसेंबर २०२१ मध्ये गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने हे क्षेत्र मोकळे केले. तरी तिचा निकट-अवरक्त वर्णपटमापक ५.३ मायक्रॉनपर्यंतच (म्हणजे ५३०० नॅनोमीटरपर्यंतच) पाहतो, त्यामुळे रेडशिफ्ट ७ च्या पलीकडे हायड्रोजन-अल्फा त्याच्या आवाक्याबाहेर जाते आणि पुन्हा अतिनील प्रकाशाकडे वळावे लागते.

आता धूळ. तारे ज्या वायूच्या ढगात जन्मतात तो धुळीने माखलेला असतो आणि नेमके सर्वांत तरुण तारेच सर्वांत दाट पडद्याआड असतात. पण ऊर्जा नाहीशी होत नाही. धुळीने गिळलेला अतिनील प्रकाश तिला किंचित तापवतो, म्हणजे उणे २४३ अंश सेल्सिअसच्या आसपास आणतो, आणि त्या तापमानाची धूळ १०० मायक्रॉनच्या सुमारास दूर-अवरक्त प्रकाश सोडते. जानेवारी १९८३ मध्ये सोडलेल्या ‘आयरॅस’ उपग्रहाने या प्रकाशात आकाश पहिल्यांदा चाळले आणि दृश्य प्रकाशात सामान्य वाटणाऱ्या काही दीर्घिका अवरक्तात प्रचंड तेजस्वी निघाल्या. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरची ‘आर्प २२०’ ही त्यांतली प्रसिद्ध दीर्घिका सूर्याच्या एक लाख कोटी पटीहून अधिक तेज जवळजवळ सगळे अवरक्तात सोडते. केनिकट यांच्या गुणकानुसार वर्षाला एक सूर्यवस्तुमान जन्मदर म्हणजे ५८० कोटी सूर्यांइतके अवरक्त तेज. भागाकार केला की आर्प २२० मध्ये वर्षाला पावणेदोनशेच्या वर सूर्यवस्तुमानांचे तारे जन्मत असल्याचे दिसते. हा भागाकार करताना एक सावधगिरी बाळगावी लागते. केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराभोवतीचा तप्त वायूही धूळ तापवू शकतो आणि ती उष्णता ताऱ्यांच्या खात्यावर जमा झाली तर दर फुगतो.

धुळीमुळे किती मोठी गोष्ट नजरेआड राहू शकते, याचे एक उदाहरण थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे. हबलने १९९५ मध्ये पाहिलेला सप्तर्षीतला तोच तुकडा १९९८ मध्ये हवाईमधल्या मौना केआ शिखरावरच्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीने ८५० मायक्रॉनला, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर तरंगलांबीला पाहिला. तीन हजार दीर्घिकांच्या त्या गर्दीत या प्रकाशात मोजके पाचच स्रोत उठून दिसले आणि त्यांतल्या सर्वांत तेजस्वी स्रोताच्या जागी हबलच्या प्रतिमेत काहीच नव्हते. ‘एचडीएफ ८५०.१’ असे नाव मिळालेल्या या दीर्घिकेचे अंतर काढायला पुढची चौदा वर्षे गेली. अखेर २०१२ मध्ये तिच्यातल्या कार्बनच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा रेडिओ दुर्बिणींनी पकडल्या, तेव्हा रेडशिफ्ट ५.२ निघाला. तिचा प्रकाश सुमारे १२५० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता आणि जन्मदर होता वर्षाला सुमारे ८५० सूर्यवस्तुमाने. केवळ हबलच्या प्रतिमेवरून हिशेब केला असता तर या दीर्घिकेचा वाटा शून्य आला असता.

इतक्या दूरची वस्तू तेव्हाच्या साध्या उपकरणाला दिसली कशी, याचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. वस्तू जितकी दूर तितकी मंद, हा नेहमीचा अनुभव. पण धुळीचा प्रकाश १०० मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतो आणि दीर्घिका जसजशी दूर जाते तसतसा ताणला गेलेला तो सर्वाधिक तेजाचा भाग ८५० मायक्रॉनच्या जवळ सरकतो. अंतरामुळे होणारी घट या सरकण्याने भरून निघते आणि रेडशिफ्ट १ पासून थेट ७-८ पर्यंत तीच दीर्घिका जवळपास तेवढीच तेजस्वी दिसत राहते. चिलीतल्या अटाकामा पठारावर पाच हजार मीटर उंचीवर बसवलेल्या ६६ अँटेनांच्या ‘अल्मा’ दुर्बिणीचे बरेचसे बळ या योगायोगातच आहे. आजवर ताऱ्यांनी सोडलेल्या एकूण प्रकाशापैकी जवळपास निम्मा प्रकाश धुळीने गिळून अवरक्तात परत केलेला आहे, हे लक्षात घेतले की केवळ अतिनीलावर विसंबणे का धोक्याचे ते पटते.

सर्वच दीर्घिकांसाठी सगळ्या तरंगलांबी मोजणे शक्य नसते. मग अनेक फिल्टरमधून तिचे तेज मोजायचे आणि ताऱ्यांच्या वयाचे, धुळीचे व जन्मदराच्या चढउताराचे हजारो नमुने संगणकावर तयार करून त्यांच्याशी ते ताडून पाहायचे, ही पद्धत वापरतात. ताऱ्यांच्या पिढ्या एकावर एक रचून दीर्घिकेचा रंग कसा बदलत जातो हे सांगणाऱ्या प्रतिमानांचा पाया बिअट्रिस टिन्सली यांनी १९६०-७० च्या दशकांत घातला. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेब दुर्बिणीच्या प्रतिमांमधून शोधलेली आणि २०२५ मध्ये जाहीर झालेली ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका याच पद्धतीने तोलली गेली. महाविस्फोटानंतर जेमतेम १५० कोटी वर्षांच्या काळातली ही दीर्घिका वर्षाला सुमारे ६० सूर्यवस्तुमानांचे तारे घडवत होती. सुरुवातीला उल्लेख केलेली बातमी तिचीच. अशा हिशेबात धूळ आणि वय एकमेकांची सोंगे घेतात : म्हातारे तारे लालसर दिसतात आणि धुळीआडचे तरुण तारेही लालसरच दिसतात. फिल्टर जितके अधिक तितका हा घोळ कमी होतो, पण पूर्णपणे मिटत नाही.

धुळीला मुळीच न जुमानणारा मार्ग रेडिओ लहरींचा आहे. अवजड ताऱ्यांच्या स्फोटांत वेग मिळालेले इलेक्ट्रॉन दीर्घिकेच्या चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात. दीर्घिकेचे रेडिओ तेज आणि तिचे दूर-अवरक्त तेज यांचे नाते आश्चर्य वाटावे इतके सरळ आहे, हे १९८० च्या दशकातच दिसून आले होते. त्यामुळे रेडिओवरूनही जन्मदर काढता येतो. अशा लहरी टिपणारी दुर्बीण पाहायला आपल्याला हवाईला जावे लागत नाही. नाशिकहून पुण्याला जाताना सिन्नर, संगमनेर, आळेफाटा ओलांडून नारायणगाव आले की तिथून काही किलोमीटरवर खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण तारांच्या जाळीने बनलेली असल्याने जवळून पाहिली की चक्क आरपार आकाश दिसते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला तिथे प्रदर्शन भरते. मुलांना घेऊन एकदा तरी जावेच, कारण इथे सांगितलेला हिशेब करणारी माणसे तिथे प्रत्यक्ष भेटतात.

प्रत्येक मार्ग वेगवेगळ्या काळाची सरासरी सांगतो, हे मात्र विसरून चालत नाही. हायड्रोजन-अल्फा उजळवणारे तारे कोटभर वर्षांत संपतात. अतिनील प्रकाशात त्याहून हलक्या ताऱ्यांचाही वाटा असल्याने ते तेज दहा कोटी वर्षांपर्यंत टिकते. एखाद्या दीर्घिकेत ताऱ्यांचा जन्म आज एकाएकी थांबला तर लाल रेषा लवकर विझेल आणि अतिनील प्रकाश मागे बराच काळ रेंगाळेल. म्हणून दोन्ही आकडे जुळले नाहीत तर दर वेळी मोजणीत चूक झाली असे समजू नये. बरेचदा ती दीर्घिका उसळ्या मारत तारे घडवत असल्याची ती खूण असते. २०२४ मध्ये जाहीर झालेली ‘जेड्स-जीएस-झेड१४-०’ ही दीर्घिका महाविस्फोटानंतर अवघ्या ३० कोटी वर्षांतली आहे आणि तिच्या अतिनील तेजावरून जन्मदर वर्षाला वीसेक सूर्यवस्तुमाने निघतो. इतक्या लवकर इतके तेज अपेक्षित नव्हते. तिथला दर खरोखरच एवढा होता, की ती दीर्घिका एखाद्या उसळीच्या क्षणी आपल्याला दिसली, की त्या काळातल्या ताऱ्यांत अवजड ताऱ्यांचे प्रमाणच जास्त होते, याचा वाद चालू आहे. तिसरी शक्यता खरी असेल तर सॅल्पीटरपासून चालत आलेला नियम तिथे जसाच्या तसा लावता येणार नाही आणि दर कमी करावा लागेल.

आणखी एक गळती आहे. लाल रेषेच्या हिशेबात सगळे जहाल किरण हायड्रोजनने गिळले असे धरलेले असते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ॲस्ट्रोसॅटच्या मदतीने ९३० कोटी वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेतून असे किरण थेट बाहेर पडताना टिपले. जेवढे निसटले तेवढे लाल रेषेत उमटत नाहीत.

हे सगळे हिशेब धुळीच्या दुरुस्तीसह एकत्र केल्यावर विश्वाचा जो इतिहास समोर येतो, तो २०१४ मध्ये मदाऊ आणि मार्क डिकिन्सन यांनी सविस्तर मांडला. महाविस्फोटानंतर जन्मदर वाढत गेला, सुमारे ३५० कोटी वर्षांनी कळसाला पोहोचला आणि तिथून घसरत घसरत आज त्याच्या नवव्या-दहाव्या हिश्शावर आला आहे. आज अस्तित्वात असलेल्या ताऱ्यांच्या वस्तुमानापैकी निम्मे सुमारे ९०० कोटी वर्षांपूर्वीच घडून गेले होते. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा, म्हणजे उशिरा आलेल्यांपैकी.

ही घसरण का झाली, याचे उत्तर ताऱ्यांत नसून ज्यापासून तारे बनतात त्या वायूत शोधावे लागते आणि तिथे खोडदच्या दुर्बिणीने मोलाची भर घातली आहे. अणुरूप हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या रेडिओ लहरी सोडतो, पण त्या इतक्या क्षीण असतात की ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या एकेका दीर्घिकेतून त्या पकडणे अशक्यप्राय. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानुसार त्या काळातल्या दीर्घिकेत सरासरी सुमारे १२०० कोटी सूर्यवस्तुमाने एवढा हायड्रोजन होता आणि त्याच निरीक्षणांतून रेडिओ पद्धतीने काढलेला जन्मदर वर्षाला सुमारे आठ सूर्यवस्तुमाने होता. १२०० कोटींना आठने भागले तर हा साठा दीडशे कोटी वर्षांतच संपतो. आजच्या दीर्घिकांचा साठा याच हिशेबाने यापेक्षा कितीतरी अधिक काळ पुरतो. म्हणजे त्या काळी दीर्घिका हातातला वायू वेगाने खर्च करत होत्या आणि बाहेरून येणारा नवा वायू खर्चाच्या मानाने अपुरा पडू लागला, तेव्हा तारे जन्मण्याचा वेग मंदावला. याच गटाने पुढे ५१० तास निरीक्षण करून ११,४१९ दीर्घिकांची अशीच सरासरी काढली. एकेका दीर्घिकेतला वायू सुटा मोजायचा तर याहून कितीतरी संवेदनशील दुर्बीण लागते. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभी राहत असलेली, भारताचाही सहभाग असलेली स्क्वेअर किलोमीटर ॲरे ही रेडिओ दुर्बीण अशा कामांसाठी तयार होते आहे.